निराधार बाईचे पिवळे हात

"हात वर कर," भाऊसाहेब म्हणले. "साऱ्याईले दिसू दे."

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आमी निराधार योजनेच्या बाया बसलो होतो. वर्साची तपासणी होती. खुर्चीवर तलाठी, बाजूले भाऊसाहेब. गावातले सगळ्यात मोठे वावरवाले. योजनेत कोणाचं नाव राहील, कोणाचं कटंल, ते त्याईच्या शब्दावर ठरायचं.

मी हात वर केले. पिवळेजर्द. हळद उकळाच्या कामावर होती मी. राखेनं घासले, लिंबानं घासले, रंग निघाला नाही.

"नवरा जाऊन इतके वर्सं झाले," ते म्हणले, "अन् हिले पुन्हा हळद लागली."

माणसं हसले. बायाही हसल्या. ज्या हसल्या त्याईचे हात पदराखाली होते.

मग भाऊसाहेबानं माह्या लेकीले जवळ बोलावलं. चौथीत होती ती. गोड आवाजात इचारलं, आई कामाले जाते काय? तिनं माह्याकडं पाह्यलं.

"नाही जात. आई घरीच रायते."

पाठ केल्यावानी बोलली. मीच पाठ करून घेतलं होतं तिच्याकडून.

नवरा ट्रॅक्टर उलटून गेला तवा लेक अंगावर पीत होती. माहेरी कोणी नाही, सासरच्याईनं वावराच्या सातबाऱ्यातून माह्यं नाव काढलं. निराधारचे पैसे सुरू झाले ते भाऊसाहेबानंच अर्जावर सही करून देल्ली म्हणून. ते पैसे कधी येत, कधी दोन-तीन महिने येत नसत. लेकीले दमा. तिचा श्वासाचा पंप त्याच पैशातून यायचा. बाकी पोट कशावर भरावं? म्हणून मी रोजानं जायची. निंदाले, पीक सोंगाले-कापाले, जे निघंल ते. अन् लपवायची. काम करते म्हणून कळलं की निराधार कायची, असं सारे म्हणत.

भाऊसाहेबाले माहीत होतं. मी त्याईच्याच वावरात राबत होती. बाकीच्या बायाईले पूर्ण रोजी, मले अर्धी. एकदा मी काहून म्हणून इचारलं, तर म्हणले, तुले वरचं सरकार देते ना. मले वाटे मी सरकारची चोरी करून राह्यली. चोरी करणारीनं भाव कायचा करावा?

असे चार वर्सं गेले.

यंदा मेडशीकडं एका शेतकऱ्याच्या हळदीवर पूर्ण रोजी भेटली. मी एसटीनं जाऊ लागली. भाऊसाहेबाचा हरभरा सोंगाचा होता, माणूस पाठवला, मी गेली नाही. म्हणून ते हात वर करणं होतं. म्हणून ते हसणं होतं.

भाऊसाहेब तलाठ्याले म्हणले, "पाहा, लेकराले खोटं बोलाले शिकवलं हिनं."

मले हळदीचं बोलणं नाही लागलं तेवढं हे लागलं. कारण ते खरं होतं. लेक खाली मान घालून उभी होती. तिच्या छातीतून शिटी वाजू लागली होती. मी उठली.

"साहेब, मी कामाले जाते," मी तलाठ्याले म्हणली. "आता मेडशीकडं जाते. त्याच्या आंदी चार वर्सं भाऊसाहेबाच्या वावरात गेली, अर्ध्या रोजीत. तवा त्याईनं माह्ये हात नाही पाह्यले."

कोणी हसलं नाही. भाऊसाहेब म्हणले, खाली बस. मी बसली नाही. तलाठी हळू आवाजात म्हणला, बाई, हे लिहिलं तर नाव कटू शकते.

"लिहा," मी म्हणली. "काम भेटते तवा जाते. भेटत नाही तवा उपाशी रायते. दोन्ही लिहा."

रस्त्यानं लेकीनं इचारलं, "आई, मी चुकीचं बोलली काय?" घरी आल्यावर पहिले तिले पंप देल्ला, मग म्हणली, तू नाही चुकली, मी चुकली.

नाव कटलं. काम नसते त्या महिन्यात पंप उसनवारीवर येते. लेकीची छाती वाजली की मले वाटते, हे माह्या तोंडानं केलं. गप राह्यली असती तर पंप आला असता. हे मनातून जात नाही. जाईल असंही वाटत नाही.

परवा भाऊसाहेबाचा माणूस आला. तुरीवर ये, पहिल्यासारखी, नाव पुन्हा चढवून देतो म्हणते. लेक दारात बसून आयकत होती. मी तिच्यासमोरच सांगितलं, पूर्ण रोजी असंल तर येते, नाही तर नाही. अन् नावाचं मी माह्यं पाहीन.

सोमवारी मी मालेगावले तहसीलात जाते. अर्जात पहिल्याच ओळीत लिहाले सांगणार हाय, ही बाई रोजानं कामाले जाते अन् तरी तिचं भागत नाही. त्याईनं अर्ज फेकला तर दुसरा देईन. दुसरा फेकला तर तिथंच दारात बसीन. माह्या लेकीले मी आता काहीच पाठ करून देणार नाही.