सेन्सर बदलायची गरज नव्हती

शिरूरच्या आमच्या गॅरेजात आज आप्पांची गाडी आली. हवा-पेट्रोलच्या मीटरचा काटा सतरावर होता, म्हणजे हवा जास्त. तो साडेचौदाच्या आसपास हवा.

"ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाकू," मिस्त्री म्हणाले.

"सेन्सर ठीक आहे. धुराच्या पाइपात बाहेरची हवा शिरतेय, म्हणून काटा चढलाय," मी म्हटलं.

आप्पा मिस्त्रींकडेच बघत म्हणाले, "पोरीला काय कळतंय?"

सेन्सरच्या अलीकडे धुराच्या पाइपाला आप्पांनी गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडून वेल्डिंग करून घेतलं होतं. थंड इंजिन सुरू करून मी त्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे आले, म्हणजे जोडाला फट होती; तिथूनच धूर बाहेर पडत होता आणि मधेमधे हवा आत ओढली जात होती. जोड नीट केल्यावर काटा साडेचौदावर आला.

"मिस्त्री, आता बरी हाय ना गाडी?"

"मला विचारा, आप्पा. दोष मी शोधलाय."

तुम्ही गॅरेजात कुणाला विचारता?