तानूबाईने लावलेला बोल

तानूबाई सिल्वासाला आली ती दोन महिन्यांच्या बोलीवर. भावजयीचं पहिलं बाळंतपण उरकायचं, बाळ-बाळंतिणीला अंगाला लावायचं आणि गणपतीच्या आत परत गावी जायचं, असं ठरवून १९८७च्या जूनमध्ये तिने साक्रीजवळच्या आपल्या गावातून पिशवी उचलली होती.

वय अडतीस. नवऱ्याने टाकलेली. सात वर्षं मूल झालं नाही म्हणून त्याने दुसरी केली, आणि तेव्हापासून तानूबाई माहेरच्या शेतात राबत होती. तोंडाने फटकळ, पण कामाला कधी मागे नाही. धाकटा भाऊ भगवंत खडोलीच्या एका सूत कारखान्यात मशीनवर लागलेला. सिल्वासातल्याच आमली भागात, एका चाळीत त्याची एक खोली. त्याच्या बायकोला, कुसुमला, आई नव्हती. म्हणून बाळंतपणाला नणंद आली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. रंगाने उजळ, डोकं भरून जावळ. परिचारिकेने तिला पुसायला पालथी केली आणि तिचा हात थांबला. माकडहाडाच्या वर लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि आतून पाणी झिरपत होतं.

डॉक्टरांनी गाठीवर ओला कपडा ठेवला. बाळाच्या पायाला टोचून पाहिलं. गुडघ्याच्या खाली ते हललं नाही.

"पाठीचा कणा पोटातच बंद व्हायचा राहिलाय," ते भगवंतला म्हणाले. "आतल्या नसा उघड्या पडल्यात. आजच मुंबईला न्या. इथे हे व्हायचं नाही."

भगवंत जीप बघायला धावला. तानूबाई बाकावर बसली होती. शेजारची गुजराती बाई बाजूला, समोर खाटेवर कुसुम. तानूबाईच्या मनात गेल्या वर्षीची कोजागिरी आली. त्या वर्षी चंद्राला ग्रहण लागलं होतं म्हणून दूध आटवलं नव्हतं. भगवंत आणि कुसुम गावी आले होते, आणि सगळे जप करत बसले असताना कुसुम कंदिलापाशी भगवंतच्या सदऱ्याचं बटण लावत होती.

"ग्रहणात सुई धरली होतीस तू," तानूबाई म्हणाली. "मी पाहिलं होतं. पोराच्या पाठीलाच भोक पडलं बघ."

कुसुमने तोंड भिंतीकडे फिरवलं. शेजारणीने पदर तोंडाला लावला. दारात भगवंत उभा होता. त्यानेही ऐकलं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी पाठ शिवली. दोन महिन्यांनी मुलीचं डोकं वाढायला लागलं, कपाळाच्या शिरा तटतटल्या, बुबुळं खाली बसली. मेंदूतलं पाणी तुंबतंय म्हणून डॉक्टरांनी कानामागून कातडीखाली एक नळी घातली आणि पार पोटात सोडली. "ओकाऱ्या, डोकेदुखी, सारखी झोप, यातलं काही दिसलं तर थांबू नका, तडक इकडे या," असं त्यांनी बजावून सांगितलं. भगवंतने ते कारखान्याच्या एका पावतीमागे लिहून घेतलं. पोरीचं नाव जया ठेवलं.

गणपती आले तसे गेले. तानूबाई गावी गेली ती फक्त चार दिवस, ट्रंक आणायला. त्या चार दिवसांत विहिरीवर, ओसरीवर, ज्याने विचारलं त्याला तिने सांगितलं, "ग्रहणात सुई धरली तिने." ती खोटं सांगत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. आणि आत कुठेतरी एक समाधानही होतं, हे तिला पुढे फार वर्षांनी कळलं. सात वर्षं लोक तिच्या पोटाबद्दल बोलले होते. आता ते दुसरीच्या पोटाबद्दल बोलत होते.

कुसुमने त्यानंतर सुई हातात घेतली नाही. बटण तुटलं तर भगवंत टाचणी लावून कामावर जायचा.

जया वर्षाची झाली तशी कुसुम खडोलीला पॅकिंगला लागली. घरात राहून पोरीकडे बघवत नाही म्हणून ती जाते, असं तानूबाईला वाटायचं. पोर मात्र तानूबाईच्या अंगावर वाढली. 'फुई, फुई' करत ती ढुंगणाने फरशीवर घसरत मागे यायची. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. चाळीतली गुजराती मुलंही त्यांच्या आत्याला असंच काहीसं म्हणायची, त्यामुळे तानूबाई सगळ्या चाळीचीच फुई झाली.

पोरगी चलाख होती. दोन वर्षांची असताना मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही बोलायची. पण खालचं अंग तिचं तिला कळत नव्हतं. साडेचार वर्षांची असताना एका थंडीच्या सकाळी ती शेगडीजवळ बसून शेंगा सोलत होती. तानूबाई पाणी भरून आली तर खोलीत कातडी जळल्याचा वास. जयाचा डावा पाय शेगडीच्या पत्र्याला टेकलेला, आणि ती हसत शेंगा पुढे करत होती, "फुई, घे ना." तो पाय भरून यायला चार महिने लागले. त्या दिवसापासून तानूबाई रोज संध्याकाळी तिची पावलं हातात घेऊन बोटांच्या बेचक्या तपासायची.

लघवीचंही तेच. ती थेंब थेंब गळत राहायची, आत साठायची, सडायची, आणि दर महिन्याला हुडहुडी भरून ताप यायचा. पाचव्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. घरी कोण करेल?"

कुसुमने नणंदेकडे पाहिलं. तानूबाई म्हणाली, "शिकवा."

तिला सही येत नव्हती, पण ती हे दोन दिवसांत शिकली. हात साबणाने धुवायचे, उकळून ठेवलेली लाल रबरी नळी घ्यायची, हलकेच सरकवायची, धार थांबेपर्यंत थांबायचं. ताप कमी झाले. घराला येणारा वासही कमी झाला.

शाळेचा प्रश्न आला. मराठी शाळेचे मुख्याध्यापक नारायण गुरुजी भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "बाई, मला मुलीबद्दल काही नाही. पालक ओरडतात. तिला बाहेर न्यायला आमच्याकडे माणूस कुठे आहे?"

"मी आहे ना. मी पायरीवर बसते."

तानूबाई खरंच पायरीवर बसली. सकाळी जयाला पाठुंगळीला घेऊन आणायची, आणि मधल्या सुट्टीत नळी घालायला खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत न्यायची. रत्नागिरीकडच्या मालतीबाई म्हणून शिक्षिका होत्या, त्यांनी त्या खोलीची किल्ली तिच्याकडेच देऊन टाकली. पहिलीत जया वर्गात तिसरी आली. त्या दिवशी कुसुम कामावरून आली, प्रगतिपुस्तक बघितलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानामागच्या नळीच्या उंचवट्यापाशी तो थांबला. मग ती भाकरी थापायला बसली. तानूबाईला वाटलं, हिला आनंदसुद्धा घाबरत घाबरत होतो.

१९९५च्या उन्हाळ्यात तपासणीला तानूबाई एकटीच जयाला घेऊन मुंबईला गेली. डॉक्टरीणबाई कागद लिहिता लिहिता म्हणाल्या, "हिच्या आईला दुसरं मूल हवंय का?"

"नाही म्हणते. भिते ती."

"हवं असलं तर तिला ही गोळी सुरू करायला सांगा. दिवस राहायच्या आधीपासून, रोज एक." त्यांनी पिवळ्या बारीक गोळ्यांची पट्टी दाखवली. "अन्नातून मिळतं तसलंच जीवनसत्त्व आहे. पाठीचा कणा गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला मिटतो. तेव्हा बाईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. हे आधीपासून पोटात असलं तर पुन्हा असं मूल होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो."

तानूबाईने पट्टी हातात घेतली. "मग ग्रहण?"

"कसलं ग्रहण?"

तानूबाईने कोजागिरीचं सांगितलं. सुईचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, ग्रहण त्या दिवशी सगळ्यांनाच लागलं होतं. गावोगावच्या बायकांनी काय काय चिरलं असेल, शिवलं असेल. त्यांची मुलं धडधाकट जन्मली. यात आईची काहीच चूक नाही."

"आणि ही गोळी तेव्हा दिली असती तर?"

"तेव्हा आम्हालाच नक्की ठाऊक नव्हतं. आणि गोळी घेऊनही एखादीला होतंच. कुणाला बोल लावता येईल असं यात काही नाही."

वापीपर्यंतच्या गाडीत जया खिडकीशी बसून स्टेशनांची नावं वाचत होती. तानूबाईला काही ऐकू येत नव्हतं. आठ वर्षं. आठ वर्षं ती त्या बाईच्या हातची भाकरी खात होती.

घरी आल्यावर सांगायचं, असं तिने ठरवलं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पट्टी कुसुमपुढे ठेवून ती म्हणाली, "शक्तीची गोळी आहे. घेत जा." कुसुमने पट्टी डब्यामागे सरकवून दिली. असे तीन आठवडे गेले. तानूबाईला जेवण जाईना. भगवंतने विचारलं, "बाई, बरं नाही का?" तर ती त्याच्यावरच खेकसली.

शेवटी एका रविवारी कुसुम तांदूळ निवडत होती, जया शेजारच्या घरी टीव्ही बघायला गेली होती, तेव्हा तानूबाई तिच्यासमोर बसली आणि डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं शब्दाला शब्द सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी चुकले, कुसुम. तुझ्याकडून काही झालं नव्हतं."

कुसुमचा हात सुपात फिरत राहिला. खडे बाजूला काढत राहिला.

"आठ वर्षं झाली, बाई," ती म्हणाली. "पोरीला ताप आला की मला वाटायचं, मीच आणला. पाय भाजला तेव्हा मी कारखान्यात होते, तरी वाटलं मीच भाजला. मी तिला जवळ घ्यायला भ्यायचे. माझा हात लागेल म्हणून."

तानूबाईला रडू आलं. कुसुमला आलं नाही.

"मला सांगून काय उपयोग?" कुसुम म्हणाली. "तुम्ही गावात सांगितलं होतं. तिथे जाऊन सांगाल?"

वैशाखात भाऊबंदांत लग्न होतं. कुसुम नको म्हणाली. भगवंत आणि तानूबाई गेले. हळदीच्या दिवशी बायका मांडवात बसल्या होत्या, कुणीतरी विचारलं, "त्या पोरीचं काय गं? चालते का?" तानूबाई हातातलं ताट खाली ठेवून उभी राहिली. हुंडा-मानपानाची कुजबुज चालू होती ती थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"पोरीची पाठ सुईने फाटली असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते खोटं होतं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ग्रहणाचा संबंध नाही, कुसुमचा दोष नाही. ज्यांनी माझं ऐकून तिला नावं ठेवली, त्यांनी आता मला ठेवा."

मांडवातली एक म्हातारी म्हणाली, "शहरातल्या डॉक्टरांना काय कळतंय ग्रहणातलं." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एका तरण्या सुनेने मात्र, तिला पाचवा महिना होता, हळूच तानूबाईजवळ सरकून गोळीचं नाव विचारलं. तानूबाईला ते सांगता आलं नाही. "पिवळी असते, बारीक," एवढंच ती म्हणाली. "पण ती आधी घ्यायची असते." ते बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

परत आल्यावर भगवंतने कुसुमला काय सांगितलं, ते तानूबाईला कळलं नाही. कुसुमने डब्यामागची पट्टी काढली आणि गोळ्या घ्यायला सुरुवात केली. वर्षभर घेतल्या. दिवस राहिले नाहीत. मग तिने त्या बंद केल्या आणि त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. फरक पडला तो एवढाच की रविवारी जयाला न्हाऊ ती घालायला लागली, आणि तिची पावलं तपासायलाही.

सत्याण्णवच्या पावसाळ्यात जयाचं डोकं दुखायला लागलं. सकाळी ओकारी झाली. गल्लीतल्या डॉक्टरने पोट बिघडलंय म्हणून औषध दिलं. दुपारी पोर बोलता बोलता पेंगायला लागली. तानूबाईने तिला उचललं आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. कुणाला विचारलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. सामान घेऊन निघालेल्या एका टेंपोवाल्याने त्यांना वापीला सोडलं. मुंबईत त्या रात्री डॉक्टरांनी डोक्यातली तुंबलेली नळी बदलली. पोर वाचली. पण उजव्या डोळ्याची नजर अर्ध्यावर आली ती आलीच. "अजून उशीर झाला असता तर डोळेही गेले असते आणि मुलगीही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कुसुम आली. तिने खाटेवरच्या पोरीकडे पाहिलं, मग खाली फरशीवर बसलेल्या नणंदेकडे. तिच्याजवळ बसली आणि डब्यातली भाजी-भाकरी तिच्यापुढे सरकवली.

बरी झाल्यावर जया, अकराव्या वर्षी, छोटा आरसा पुढ्यात धरून लघवीची नळी आपली आपणच घालायला शिकली. पहिल्यांदा जमलं तेव्हा आतून ओरडली, "फुई, तू बाहेरच थांब." भगवंतने हाताने ढकलायची तीनचाकी गाडी मिळवली होती. आता शाळेच्या पायरीवर बसायचं कारण उरलं नाही. तानूबाई दोन-चार दिवस सवयीने जाऊन बसली, मग मालतीबाईंना किल्ली परत देऊन आली.

दिवाळीनंतर तिने ट्रंक काढली. ती लुगडी घडी करून ठेवत असताना कुसुम कामावरून आली. दारात चप्पल काढून तिने ट्रंकेकडे पाहिलं.

"गावी जाते," तानूबाई म्हणाली. "आता माझं इथे काय काम?"

कुसुमने पाण्याचा तांब्या भरून घेतला, पाय धुतले. मनातलं सगळं फिटलं होतं असं नव्हतं. काही गोष्टी दोघींमध्ये तशाच राहिल्या होत्या, आणि त्या तशाच राहणार हे दोघींनाही ठाऊक होतं.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "पण गुरुवारी मुंबईची तारीख आहे. मला सुट्टी मिळणार नाही, आणि यांनाही नाही."

तानूबाईने हातातल्या लुगड्याकडे पाहिलं. "किती वाजता बोलावलंय?"

"दहाला. पहिली गाडी धरावी लागेल."

गुरुवारी पहाटे तानूबाई जयाला पाठीवर घेऊन वापीच्या बसमध्ये चढली. दहा वर्षांची पोर आता जड झाली होती. कंडक्टरने हात दिला.