वहिनींनी भरलेली ओटी

इचलकरंजीच्या वहिनी भेटल्या, की ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी आपल्या ओढणीचं टोक त्यांच्या चिमटीत! “पॉलिस्टर हाय गं. फसवलं तुला.” बहारीनमधल्या झिंज भागात आमची दारं समोरासमोर, माझी एकही ओढणी त्यांच्या तावडीतून सुटली नाही.

पंचगंगेकाठी, मागांच्या खडखडाटात वाढलेली ही बाई. इथल्या शांततेत त्यांना करमेना. मग भर जुलैत, सूर्य उगवायच्या आत माझं दार वाजे. “यल्ला, चल! ऊन काय खातंय व्हय तुला?” आणि आमची वरात निघे बनी जमरा या विणकरांच्या जुन्या गावात. खजुरीच्या बागांमधून मी घामानं निथळत चाले; त्या मात्र मागाच्या आवाजाचा कानोसा घेत पुढे.

तिथे एक म्हातारे हाजी हातमागावर बसत. त्यांचं मोडकं हिंदी आणि वहिनींचं कोल्हापुरी हिंदी! दोघं भांडतायत की गप्पा मारतायत, देव जाणे. मुलीच्या लग्नासाठी लाल-काळं कापड विणतोय, असं हाजींनी आम्हाला सांगितलं होतं.

ते मागावरून उतरलं, त्याच दिवशी आम्ही पोचलो. वहिनींनी ते गालाला लावलं. “क्या सुंदर है हो! मेरेकू तो भारी पसंद आया!”

झालं! हाजींनी घडी घालून कापड त्यांच्या हातात ठेवलं. “तुम्हारा.” पाहुण्यानं वस्तूची तोंडभरून तारीफ केली, की ती देऊन टाकायची, ही तिथली जुनी रीत. लग्न तोंडावर आलेलं, दुसरं विणायला वेळ नाही. दारातल्या मुलीचा चेहरा पार उतरला. मी “वापस लो” म्हणताच हाजींनी असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. परत करावं तर अपमान, न्यावं तर पाप.

वहिनींनी ओढणी कमरेला खोचली. “ए पोरी, इकडं ये. बस.” मुलीला अबायाचा घोळ पसरायला लावून त्यात कापड ठेवलं. नारळ कुठला मिळायला? ताटलीतले खजूरच ओंजळभर वर घातले. “हाजी, हमारे में शादीवाली लडकी की ओटी भरते. भरेली ओटी कोई वापस नहीं करता. इंशाल्ला, सुखी रहेगी.”

हाजी क्षणभर गोंधळले, मग डोळे पुसत हसले. पोरीनं वहिनींना मिठीच मारली.

लग्नाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं आलं. तिथे वहिनींच्या तोंडून ब्र निघेना. कानात म्हणाल्या, “चांगलं म्हटलं तर नवरीच द्यायचे गं हातात!”

गेल्या वर्षी त्या कायमच्या परत गेल्या. विमानतळावर, त्यांच्या यजमानांसमोर, मी वहिनींची अगदी तोंडभरून तारीफ केली. पण ते पडले इचलकरंजीचे. घेऊन गेले.