पिस्तूल जाम झालं नव्हतं

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. देवापुढं तर नाहीच — देवाला सांगून मोकळं झालं की माणसाला सांगायचं राहून जातं. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पण अट आहे — मला ‘बिचारी’ म्हणायचं नाही. ते खपत नाही मला, आणि सगळ्या भानगडीचं मूळही तेच आहे.

माझे हात लहान आहेत. लहान म्हणजे किती? कासारीण आली की माझ्यासाठी शाळकरी पोरींच्या बांगड्यांची पेटी उघडते. याच हातांनी नवरा गेल्यावर मी खुलताबादजवळची पेरूची बाग राखली, मजूर सांभाळले, व्यापाऱ्यांशी भांडले. लेक पुण्यात, मी बागेतल्या घरात एकटी. शेजारच्या मळ्यावर दोनदा चोरी झाली, तेव्हा परवान्याचा अर्ज केला. चपला झिजल्या, पण मिळाला. बत्तीस बोअरचं एक हत्यार, माझ्या नावावर. आमच्या भावकीत असा परवाना असलेली मी पहिलीच बाई, हेही लिहून ठेवा.

शहरातल्या दुकानात माझे दीर बापू सोबत आले. मालकानं मला वरून खाली बघितलं आणि आत ओरडला, “ताईंसाठी हलकं दाखवा, लेडीज.” बापू हसले. एवढंच झालं — पण माझं डोकं तिथंच फिरलं.

आतून कादरभाई आले. दुकानातले जुने कारागीर, हत्यारं खोलून साफ करणारे, दुरुस्त करणारे. ते हसले नाहीत. माझा पंजा काचेवर ठेवायला लावला, अंगठ्याच्या बेचक्यापासून बोटाच्या टोकापर्यंत नजरेनं मापला, आणि पुढ्यात दोन हत्यारं ठेवली. एक आखूड नळीचं रिव्हॉल्वर, एक थोरलं पिस्तूल. रिव्हॉल्वर रिकामं करून माझ्या हातात दिलं, नळीवर एक रुपया ठेवला आणि म्हणाले, चाप दाबा. चाप जड होता, पण बोट पोचलं. रुपया हलला नाही. मग पिस्तूल. मूठच मावेना, चाप दाबायला बोट ताणावं लागलं, रुपया टणकन खाली. शिवाय पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाइड म्हणतात त्याला, मागं ओढून सोडावा लागतो, तेव्हा पहिली गोळी आत चढते. माझ्या हातात स्लाइड अर्ध्यावर आली आणि निसटली. कादरभाई म्हणाले, रिव्हॉल्वरला ही ओढाताण नाय, एक गोळी नाय फुटली तर परत दाबायचं, दुसरी पुढं येते. आणि हळू आवाजात, मालकाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “हाथ देख के लेओ बाई. लोगां की नजर देख के नक्को.”

यापेक्षा सरळ कोणी काय सांगावं? मला कळलं नाही असं समजू नका. पुरतं कळलं. आणि मी थोरल्या पिस्तुलावर बोट ठेवलं — हे द्या. बापूंचं हसू बंद झालं. लई बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

घरी दार लावून सराव करायची. दहा वेळा ओढलं तर चारदा स्लाइड पुरती मागं यायची. अंगठ्याचं कातडं सोललं. हे कोणाला सांगायचं? पिस्तूल बदलून घ्यायचं तर त्याच दुकानात, त्याच मालकापुढं जायचं. मेले असते, पण गेले नसते.

दसऱ्याला आमच्याकडं शस्त्रपूजा असते. विळे, कोयते, सासऱ्यांची तलवार — आणि त्या वर्षी मधोमध माझं पिस्तूल. भावकीतले पुरुष वाकून वाकून बघत होते. मी पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता. दोन दिवसांनी स्लाइड करकरायला लागली. कादरभाईंकडं नेलं. त्यांनी खोललं, आतलं कुंकू बोटावर घेऊन मला दाखवलं आणि कपाळाला हात लावला. सगळं पुसून, तेल देऊन, स्प्रिंग बसवून दिलं. त्यांनी ओढलं की स्लाइड लोण्यासारखी यायची.

त्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, दोघं जण मोटारसायकलवरून आले. पेरू घ्यायला आलो म्हणाले. एक जण बोलता बोलता ओट्यावर चढला आणि माझ्या गळ्यातल्या सोन्याच्या पोतीला हात घातला. मी हिसका देऊन आत पळाले, पिस्तूल काढलं, दारात उभी राहिले. घाबरले होते? नाय! संतापले होते. स्लाइड ओढली — अर्ध्यावर येऊन निसटली. परत ओढली, परत निसटली. तो समोर उभा राहून बघत होता. म्हणाला, “ठिवा मावशी, बोट चिमटंल.” आणि हसला. मग सावकाश पुढं येऊन त्यानं पोत ओढून घेतली. तेवढ्यात बापूंचा ट्रॅक्टर फाटकाशी आला म्हणून दोघं पळाले, नाहीतर पिस्तूलही गेलं असतं.

बापूंनी विचारलं, वहिनी, झाडली का नाही?

मी म्हणाले, जाम झालं.

दोन शब्द. आठ वर्षं झाली त्यांना.

बापू भडकले. परवाच तर साफ करून आणलं होतं, कोणी केलं? मी नाव सांगितलं. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं स्लाइड ओढली, ती सरकन मागं आली. बापू म्हणाले, आता सुटली असंल. हवालदारानं मान डोलावली. तिथं एक माणूस म्हणाला नाही की बाई, तुम्ही ओढून दाखवा बरं. मी जबाबावर सही केली. कारागिराचं नाव ऐकल्यावर कोणाला शंका का आली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. हेही माझंच.

बापू चार लोक घेऊन दुकानात गेले. मालकानं कादरभाईंना त्याच दिवशी घरी बसवलं.

महिन्याभरानं कादरभाई बागेत आले. भांडायला आले असतील म्हणून मी पदर खोचून तयार! तर ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “बाई, कुठं अटकलं तेवढं सांगा. मेरे को समझना है.” त्यांना खरंच वाटत होतं की चूक त्यांची आहे. रात्ररात्र ते मनात माझं पिस्तूल खोलत होते आणि जोडत होते. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण मी म्हणाले, स्प्रिंग असेल. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, हां, स्प्रिंग. उमर हुई मेरी. मी पेरू दिले, ते त्यांनी घेतले.

शहरातच, गारखेड्यात, त्यांच्या मुलाचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. कादरभाई तिथं खुर्ची टाकून बसतात. मागच्या महिन्यात मी मिक्सर घेऊन गेले — मुद्दामच गेले. मुलगा जेवायला गेला होता. भांड्याचा साधा एक स्क्रू ढिला होता. म्हटलं, तुम्हीच आवळून द्या. तर म्हणाले, नको बाई, मुलगा येऊ दे. माझ्या हाताचा भरोसा नाय.

तुम्ही म्हणाल, त्या लोकांनी हसायला नको होतं. नकोच होतं. पण कादरभाई हसले नव्हते. अख्ख्या दुकानात जो एक माणूस हसला नाही, त्यालाच मी धरून दिलं.

उद्या गारखेड्याला जातेय. बापूंना सोबत नेणार, त्यांच्यासमोर बोलणार. माफी मागणार नाही — ती द्यायची का नाही, हा घोर आणखी त्या माणसाच्या गळ्यात कशाला? पिस्तूल टेबलावर ठेवणार, रिकामं. स्लाइड ओढणार, निसटू देणार, सगळ्यांना बघू देणार. आणि सांगणार, कादरभाई, स्प्रिंग तुम्ही बरोबर बसवली होती.