न पाहिलेल्या मरणाचा पंच

सोलापुरातल्या कुठल्या पेठेत, ते विचारू नका. पोलीस चौकीसमोर इस्त्रीचं टेबल मांडलेला माणूस कुठल्याही पेठेत सापडतो. आपला मडिवाळप्पा तिथं बावीस वर्षं उभा आहे. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. खाकी कपड्याची घडी अशी कडक, की बदलून आलेला नवा साहेब आधी त्याचीच चौकशी करायचा.

दुसरं एक काम मात्र तो हौसेनं करी. तो पंच होता. चोरी होवो, अपघात होवो, कुणी विहिरीत सापडो, पंचनाम्याला पोलिसांना दोन त्रयस्थ माणसं साक्षीला लागतात. शहाणी माणसं कोर्टाच्या फेऱ्यांना भिऊन पळतात. मडिवाळप्पा पळत नसे. सुरुवातीला तो खरंच जागेवर जायचा, उन्हात उभा राहून सगळं बघायचा. पुढं पुढं हवालदार कागदच टेबलावर आणू लागले. "आप्पा, टाक सही." आप्पा इस्त्री कडेला ठेवून, हात पुसून, कन्नडमध्ये सही टाकायचा. मराठी त्याला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायची गरज कुणाला वाटत नव्हती. त्याच्या बापाला, कपडे धुणाऱ्याला, गावच्या पंचांनी कधी ओट्यावर बसू दिलं नव्हतं. इथं तर सरकार त्याला पंच म्हणत होतं. एवढ्यावर माणूस फुगतो, तसा तोही फुगला.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी सयाजी हवालदारानं असाच एक कागद पुढं केला. दोन बोळ पलीकडच्या कापडाच्या गोदामात रखवालदार मेला होता. नाव बिरुदेव, वय चोवीस, मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा.

"पिऊन माळ्यावरनं पडलंय," सयाजी म्हणाला. "तू कशाला येतोस? परेडचे कपडे दुपारी पायजेत."

परेडच्या गणवेशांचा ढीग टेबलावर होताच. मडिवाळप्पानं सही टाकली. दुसऱ्या पंचाची आधीच झालेली होती. तो बिचारा पुढं वर्षभरात वारला. गोदाम मडिवाळप्पाच्या टेबलापासून चालत पाच मिनिटांवर होतं.

बिरुदेवची आई मायाक्का हे पिऊन पडणं मानायला तयार नव्हती. पोरानं दारूला कधी तोंड लावलं नव्हतं, आणि मालकाच्या पुतण्याशी आठवडाभर त्याचं भांडण चाललं होतं, हे ती भेटेल त्याला सांगायची. दोन वर्षं ती एस्टीनं सोलापूर गाठत राहिली, एकेका कचेरीच्या पायरीवर दिवस काढत राहिली. तिला हाकलून हाकलून शिपाई दमले, ती दमली नाही. शेवटी वरून हुकूम आला: पोलिसांनी या मरणाचा तपास कसा केला, ते पोलीस खात्याबाहेरच्या माणसानं तपासावं. एक निवृत्त न्यायाधीश बाई नेमल्या गेल्या, आणि मडिवाळप्पाला हजर राहायची नोटीस आली.

चौकशीला आठ दिवस असताना मायाक्का त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"तुमीच का पंच?"

"व्हय."

"आमी सांजच्याला पोचलो, तवा डाक्टरनं त्याला शिवून गुंडाळलं हुतं. तोंडबी धड बघू दिलं न्हाय. तुमी बघितलाय की. कसा पडला हुता माझा बिरू?"

खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मडिवाळप्पानं तिच्याकडं बघितलं आणि त्याची जीभ भलतीकडं वळली.

"झोपल्यागत हुता, अक्का. तोंडावर काय तरास दिसत नव्हता."

मायाक्का पदरानं डोळे पुसून म्हणाली, "लई उपकार झालं, आप्पा." ती गेली. दयेपोटी बोलला, असं कुणी म्हणेल. भेकडपणा होता तो, नुसता गोड बोललेला.

त्याच संध्याकाळी सयाजी आला. "गेलो हुतो, बघितलं, एवढंच म्हणायचं. तुझ्या बाकीच्या सह्या उघड्या पडल्या तर आधी तूच आत जाशील. आणि हे टेबल कुणाच्या दारात हाय, ते ध्यानात ठेव."

मडिवाळप्पानं घरी बायकोला, बसम्माला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. "टेबल दुसरीकडं मांडता येतंय," ती म्हणाली. "त्या पोराच्या आईला आता आपण काय तोंड दाखवायचं? खरं सांगून या." तो आठ दिवस नीट जेवला नाही, आणि त्याला कुणी आग्रहही केला नाही.

चौकशी सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीत होती. न्यायाधीश बाई टेबलामागं, सयाजी आणि त्याचे साहेब एका बाजूला, मायाक्का मागच्या बाकावर. बाईंनी पंचनामा मोठ्यानं वाचून घेतला. आपण कशावर सही केली, ते मडिवाळप्पा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होता. 'आम्ही पंचांनी प्रेत उलटेसुलटे करून पाहिले. डोक्याची जखम सोडता पाठीवर, हातांवर कोणतीही खूण दिसून आली नाही.'

"तुम्ही पाठ पाहिलीत?" बाईंनी विचारलं.

"न्हाय, बाईसाहेब."

"मग काय पाहिलंत?"

"कायच न्हाय. मी तितं गेलोच न्हाय. माझ्या टेबलावरच सही केली."

"का गेला नाहीत?"

मडिवाळप्पानं खूप शोधलं, पण दुसरं कारण सापडेना. "इस्त्री तापली हुती," तो म्हणाला. खोलीत कुणी हसलं नाही.

बाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. मग मान वर करून त्या मायाक्काशी बोलल्या. "पोलिसांनी तपास केलाच नाही, असं मी अहवालात लिहीन. हा पंचनामा खोटा आहे, तेही लिहीन. पण तुमचा मुलगा पडला की त्याला कुणी मारलं, ते मला लिहिता येणार नाही. फोटो काढले नाहीत. फरशी त्याच दिवशी धुऊन टाकली. डॉक्टरांनी फक्त डोक्याची जखम लिहिली. मुलाला अग्नी दिलेला आहे. आता बघायला काही उरलं नाही. त्याची पाठ बघायला दोन माणसं नेमली होती, त्यांनी ती बघितली नाही."

सयाजी जमिनीकडं बघत होता. फार तर त्याची बदली होईल, हे त्याला ठाऊक होतं.

मडिवाळप्पा व्हरांड्यात मायाक्काची वाट बघत थांबला. ती शिव्या देईल, कानाखाली मारेल, तर खायची, असं त्यानं ठरवलं होतं. ती आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मग झोपल्यागत हुता म्हनला ते?"

"खोटं बोललो, अक्का."

तिनं भिंतीला हात टेकला. "बिरूचं बा दोन वरीस ताटावरनं उटून जायाचं. त्या दिशी घरी जाऊन मी त्येस्नी तुमचं बोलनं सांगितलं. तवापासनं दोन घास खात्यात. रातीला डोळा लागतोय. सकाळी मेंढरं घिऊन जात्यात. आता त्येस्नी काय सांगू?"

ती टोचून बोलत नव्हती, खरोखरच विचारत होती. "तीनला मंगळवेढ्याची एस्टी हाय," ती म्हणाली. "तवर सांगा."

ती पायरीवर बसली. मडिवाळप्पा तिच्या खालच्या पायरीवर बसला. तीनची एस्टी निघून गेली, साडेचारचीही गेली, तरी त्याला काही सुचलं नव्हतं.