हिरवं पार्क अन् बंद फोन

वॉटर पार्कात जाऊन माणूस कोरडा परत येऊ शकतो. मागच्या उन्हाळ्यात आमची नात सानू आली होती तशी.

तिचा काही दोष नव्हता. रविवार होता, अन् उंच घसरगुंडीची रांग अशी, की शेवटचा माणूस बहुतेक अंबडला उभा असावा! पोरगी दिवसभर त्या रांगेत राहिली. तिचा नंबर आला अन् शिट्टी वाजली. बंद! अंगात पोहायचे नवे कपडे, डोक्याला रबरी टोपी, अन् पाण्याचा थेंब न्हाई. ओले होते ते फक्त डोळे. जीपमध्ये मला बिलगून म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी तरी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तुला त्या घसरगुंडीवरून खाली आणल्याशिवाय पुण्याला धाडणार न्हाई. आजीचा शब्द." (असे शब्द मी घाईत देते. निस्तरतात घरचे.)

यंदा सानू सुट्टीत वडीगोद्रीला आली ती बॅगेत तीच टोपी घेऊन. आल्या आल्या ती खुंटीला अडकवली, बराबर माझ्या डोळ्यांसमोर!

आमची सून स्वाती हुशार. तिनं फोनात काहीतरी उतरवून घेतलं होतं. कोणत्या पार्कात कोणत्या दिवशी किती गर्दी होणार, हे फोन आधीच सांगायचा. गर्दी असली तर लाल, नसली तर हिरवं. आमच्या टप्प्यात पार्कं दोन. एक संभाजीनगरच्या अंगाला, एक जालन्याच्या.

"संभाजीनगरकडचं रोजच लाल दिसून राह्यलंय, आत्याबाई," स्वाती मला म्हणाली. "पण जालन्याकडचं बुधवारी बघा. हिरवंगार!"

आमचे हे पेपरातून मान काढून म्हणाले, "पाऊस कधी येईल ते कुणाला कळंना, अन् हिच्या फोनला गर्दी कळती!"

"मामा, पावसाकडं फोन नसतो, माणसांकडं असतो. तिथं किती फोन आहेत त्यावरून ह्याला कळतं."

"म्हंजे हा माणसं मोजत न्हाई? फोन मोजतो?" मी विचारलं.

"तसंच समजा. बुधवारी सकाळी हिरवं दिसलं तर जायचं. लाल झालं तर बेत रद्द. पोरीला पुन्हा उन्हात न्हाई उभं करायचं. अन् आत्याबाई, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं. अन् मनापासून म्हटलं बरं का! शुक्रवारी जावई सानूला न्यायला येणार होते. बुधवार हुकला की माझा शब्द गेला.

पण तुम्हीच विचार करा. हा शोध लावला कुणी? स्वातीनं. तिची आई शहागडला. लेकीनं एवढं डोकं चालवलं अन् आईला पत्ता न्हाई, हे बरं दिसतं का? मी विहीणबाईंना फोन लावला. फक्त कौतुक सांगायला!

"अगं बाई! मंग आम्ही बी येऊ का, ईनबाई?"

यावर 'नका येऊ' म्हणणारी बाई आमच्या तालुक्यात अजून जन्मायचीय. मी म्हटलं, "या की! पण कुणाला सांगू नका."

"छ्या! मी कुणाला सांगतीय!"

मग मंठ्याची माझी बहीण शकू. मागं एकदा आम्ही तिला न सांगता वेरूळला गेल्तो, तर त्या संक्रांतीला तिनं वाण माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं होतं. पुन्हा ती जोखीम नको. तिला सांगितलं. शेजारच्या सुमनबाईला मात्र मी सांगितलंच न्हाई. ती भिंतीपलीकडून ऐकत होती, हा काय माझा दोष? (फोनवर मी जरा मोठ्यानं बोलते. मंठा लांब आहे.)

मंगळवारी शकूचा फोन. "ताई, जीप ठरवली गं. जावा, नणंदा, त्यांची पोरं... सगळे घरचेच!" मागोमाग विहीणबाई. "आमचा टेम्पो झालाय बरं!" अन् भिंतीवरून सुमनबाई. "भजनाच्या बायकांच्या नुसतं कानावर घातलं, तर त्यांनी पिशव्या बी भरल्या!"

एवढी माणसं, एवढे फोन! सकाळी पार्क लाल होणार, स्वाती बेत मोडणार, अन् टोपी खुंटीलाच राहणार. अन् तेवढ्यात माझं डोकं चाललं. (ते चाललं की घरच्यांनी सावध व्हायला पाहिजे.) हा माणसं मोजत न्हाई. फोन मोजतो!

मी सगळ्यांना फिरून फोन लावले. "या, पण येताना फोन बंद करून या. बिलकुल चालू करू नका. न्हाईतर पार्क लाल व्हतंय."

"लाल व्हतंय?" शकू घाबरली. "पाणी?"

"पाणी न्हाई गं! तू बंद कर फक्त!"

बुधवारी सकाळी पार्क हिरवंगार. मुलानं जीप काढली. स्वाती रस्ताभर फोन बघून खूश. "बघा आत्याबाई, तिथं चिटपाखरू न्हाई!" आमच्या पुढंच एक टेम्पो चालला होता अन् त्यातून ओळखीचे पदर फडकून राह्यले होते. मी स्वातीला दुसऱ्या बाजूचा ऊस दाखवला.

पार्काच्या फाटकाशी जत्रा! स्वातीनं फोनाकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, पुन्हा फोनाकडं बघितलं.

"फोन म्हणतोय इथं कुणीच न्हाई."

"मंग ही काय भुतं आहेत?" ह्यांनी विचारलं.

"आज कशाची सुट्टी आहे का? थांबा, आईला विचारते." शहागडचा फोन बंद. "मंठ्याच्या मावशींना लावते." तोही बंद. "सगळ्यांचे एकदम बंद कसे?"

मी सानूची टोपी सारखी करत होते. ती आधीच सारखी होती.

एवढ्यात गर्दीतून विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "या ईनबाई, या! तुम्ही सांगितलं तसे बराबर बंद केलेत हो सगळ्यांचे! आमच्या भाच्यानं चालू केल्ता, तो काढून मी पिशवीत ठेवला!"

स्वाती माझ्याकडं वळली. चांगल्या घरची पोर, म्हणून एवढंच म्हणाली, "आत्याबाई..." पण त्या एका शब्दात सगळं आलं.

आत गेलो. घसरगुंडीच्या जिन्यावर खालून वरपर्यंत माणसंच माणसं. सानूनं मान वर करून बघितलं अन् खालचा ओठ बाहेर काढला. "आजी, परवा पप्पा येणार आहेत." मी चष्मा पुसून रांग नीट बघितली. अन् काय सांगू! अख्ख्या जिन्यावर एक माणूस परका न्हाई!

"शकू! पोरीला पुढं जाऊ दे गं!"

"जाऊ दे की! सानू का ही? केवढी झाली! ये बाळ, ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई, पाया पड."

झालं! वाट मिळाली, पण पायरीपायरीला पाया पडत. एका पायरीवर "कितवीला गेलीस?" पुढच्या पायरीवर "जेवलीस का?" त्याच्या वर "पप्पा बरे आहेत का?" अर्ध्या जिन्यावर तर पोरगी कुणी विचारायच्या आधीच म्हणून राह्यली, "चौथीला, जेवले, बरे आहेत." कुणीतरी तोंडात शंकरपाळा कोंबला. ती वर पोचली, अन् तिथल्या माणसानं जेवणाच्या सुट्टीसाठी शिट्टी तोंडाला लावली!

"ए भाऊ, थांब!" भजनाच्या बायका एका सुरात ओरडल्या. "पोरगी पुण्याहून आलीय!"

त्याच्या तोंडातली शिट्टी पडली. अन् सानू सुटली! धप्पकन पाण्यात! वर आली ती ओरडतच, "आजीईई!"

साऱ्या जिन्यानं टाळ्या पिटल्या. मग साऱ्या जिन्यानं व्हिडिओ काढायला पिशव्यांतले फोन काढून एकदम चालू केले.

"झालं लाल," स्वाती शांतपणे म्हणाली. फाटकाशी एक कुटुंब तिकीट काढायला आलं होतं. बापानं फोन बघितला अन् पोरं घेऊन मागं फिरला. "अंदाज पक्का असतो बरं का ह्याचा," आमचे हे म्हणाले.

सानू संध्याकाळपर्यंत घसरत राहिली. अन् मी? बोलावणं माझं म्हटल्यावर पाहुणचारही माझाच! फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून दिवसभर दशम्या अन् ठेचा वाढला. परतताना जीपमध्ये सगळे निथळत होते. स्वातीनं माझा पदर चाचपला अन् खुदकन हसली. "आत्याबाई, तुम्ही खडखडीत कोरड्या!"

आता दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरकडच्या पार्कात जायचंय. स्वाती मला दिवस सांगत न्हाई, पण मी सानूकडून काढून घेतला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. हिरवंगार आहे म्हणं. तुम्ही घरच्यासारखे, म्हणून बोलले. कुणाला सांगू नका. अन् आलातच, तर फोन तेवढा बंद ठेवा!