मिस अर्लीनचं सहा वाजताचं नवं वर्ष

आमच्या टर्लो स्ट्रीटवर गप्पा मारायची एक रीत आहे. बोलता बोलता गोळ्यांचं ठाय ठाय ऐकू आलं की बोलणारा थांबतो. सगळे कान टवकारतात. मग कुणीतरी म्हणतं, "रेल्वे लाइनच्या पलीकडे," आणि बोलणारा जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू करतो. माझ्या शेजारणीच्या, मिस अर्लीनच्या, हे इतकं अंगात मुरलंय की एकदा चर्चमध्ये प्रार्थना सांगताना ती "हे प्रभू, आम्हाला" म्हणून थांबली, बाहेरचा आवाज संपू दिला, आणि "शांती दे" म्हणून प्रार्थना पुरी केली. अख्खं चर्च हसलं. तिला कळेचना, लोक कशाला दात काढतायत.

मी व्हर्नेल. आमच्या दोघींच्या पोर्चच्या मधे फक्त एक कठडा. कोपऱ्यावर माझं केसांचं सलून आहे, त्यामुळे या गल्लीतलं मला कळत नाही असं काही नाही, आणि कळलेलं माझ्या पोटात राहत नाही. मिस अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली; लग्न झालं तरी वडीलधारीला आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात. अंगाने भरलेली, आणि हसली की पोर्चवरचा झोपाळासुद्धा हलतो. तिचा नवरा क्लिओफस, आयुष्यभर सिटी बस चालवलेला, उंच, शिडशिडीत, टोपीशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारा. दोघांचं प्रेम म्हणजे नुसतं उतू जाणारं. पण एका गोष्टीवरून रोज वाजायचं. ती गोष्ट म्हणजे क्लिओफसच्या वडिलांचं रिव्हॉल्वर.

"व्हर्नेल, तूच सांग याला," मिस अर्लीन कठड्यावरून ओरडायची. "लोकांच्या केसांना हात लावायला तुला परवाना लागला की नाही?"

"लागला तर! परीक्षा दिली. दोनदा दिली."

"ऐकलंस? केस बिघडले तर पुन्हा उगवतात, तरी त्याला परवाना. आणि बंदूक? दुकानात जा, घेऊन ये. जसे काही कांदेच!"

क्लिओफस टोपी मागे सारायचा. "बेबी, कायदा आला असता तर पहिल्यांदा कुणाच्या हातातली काढून घेतली असती? माझ्या बापाच्या. मिसिसिपीत गाड्या भरून गोरी माणसं आमच्या दारात आली, तेव्हा कायदा कुठे आला होता? बाप खिडकीत हेच घेऊन बसला, म्हणून मी आज इथे बसून तुझी बोलणी खातोय."

"ते मला मान्य आहे. लग्न झाल्यापासून मान्य आहे."

"मग?"

"मग ते खिडकीत धरायचं होतं रे बाबा, आकाशात नाही!"

इथे मी आपली गप्प. माझ्या सलूनच्या ड्रॉवरमध्येही एक आहे, खोटं कशाला बोलू? मला दोघांचंही पटायचं. भांडण छान रंगायचं म्हणून अधूनमधून काडी टाकायचे, एवढंच.

आकाशाचं प्रकरण असं. नवं वर्ष लागलं की आमच्या सेंट लुईसमध्ये अर्धं गाव आकाशात बार काढतं. बाकीचं अर्धं तळघरात जाऊन बसतं. क्लिओफसच्या वडिलांनी मिसिसिपी सोडून इथे आल्यावर पहिल्या नव्या वर्षाला पाच बार काढले होते, आता मोकळा झालो म्हणून. बाप गेला, तेव्हापासून दर वर्षी पोर्चवर उभं राहून क्लिओफस पाच काढायचा. मिस अर्लीन तळघरातून खालून ओरडायची, "झाले का तुझे?" तो वरून सांगायचा, "एक राहिलाय!"

गेल्याच्या गेल्या नव्या वर्षाच्या सकाळी मिस अर्लीन रेनिताच्या खोलीतली चादर बदलायला गेली. रेनिता त्यांची एकुलती एक, लग्न होऊन दोन तासांवरच्या कोलंबिया गावात राहते. बघते तर उशीवर चुन्याचे ढपले, छताला बोटभर भोक, आणि गोळी गादीत रुतलेली. खोलीत कुणी झोपलं नव्हतं म्हणून निभावलं. रेनिता नेमकी त्या वर्षी सासरी गेली होती. आणि पोटुशी होती, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

"माझी नाही," क्लिओफस म्हणाला. चेहरा मात्र पार उतरला होता. "मी रेल्वे लाइनकडे तोंड करून काढतो."

"गोळी काय पत्ता विचारून परत येते का रे?" मिस अर्लीन म्हणाली. ती ओरडली नाही, आणि म्हणूनच मी घाबरले.

मग बाळ झालं. मुलगी. क्लिओफसच्या आईचं नाव ठेवलं, ओडेसा. म्हातारा इतका रडला की टोपी तोंडावर ओढून बसला. आणि ऑक्टोबरात रेनिताने फोनवर सांगून टाकलं, "मम्मा, नव्या वर्षाला आम्ही येत नाही. त्या छताखाली मी बाळाला झोपवणार नाही. डॅडीने पोर्चवर ते हातात घेतलेलं जरी दिसलं, तरी मी दारातून गाडी वळवेन."

आता हे नुसतं सणाला येण्या-न येण्याचं नव्हतं. मिस अर्लीनच्या घरात प्रत्येक बाळाला पहिल्या नव्या वर्षाच्या दिवशी आजीच्या बिडाच्या भांड्यातली चवळी, मऊ कुस्करून, एक चमचा भरवतात. त्याच स्वयंपाकघरात, त्याच भांड्यातली. मिस अर्लीनला तिच्या आजीने भरवली होती, रेनिताला तिने. पहिलं नवं वर्ष एकदाच येतं. ते हुकलं की हुकलं. ती माझ्या सलूनमध्ये खुर्चीत बसली आणि डोक्याला शाम्पू लावलेला असताना हमसून हमसून रडली. मी पण रडले. गिऱ्हाइकं पण रडली.

रडून झाल्यावर तिची नजर टीव्हीकडे गेली, आणि तिला आठवलं. मागच्या एकतीस डिसेंबरला ती याच खुर्चीत बसली होती, संध्याकाळी सहाला, आणि टीव्हीवर लंडनची रोषणाई चालू होती.

"व्हर्नेल, आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा तिकडे नवं वर्ष लागलेलं असतं ना?"

"असतं की."

"मग लंडनवाल्यांचं चालतं तर आपलं का नाही?"

दुसऱ्या दिवसापासून बाई घरोघर. मीही मागोमाग, कारण मजा चुकवणाऱ्यातली मी नव्हे. दार उघडलं की ती म्हणायची, "तुमच्या बंदुका मागायला आले नाही. तुमची भांडी मागायला आलेय. एकतीसला सहा वाजता आपल्या गल्लीत नवं वर्ष लागणार. दिव्यांच्या उजेडात, उघड्यावर, पोराबाळांसकट. भांडी बडवा, जेवा, एकमेकांच्या गळ्यात पडा आणि बाराच्या आत आपापल्या तळघरात जा. ज्याला आकाशात बार काढायचाच असेल, त्याने आधी माझ्या घरी यावं आणि रेनिताच्या खोलीतलं भोक बघावं."

काही जण खरंच आले. बघितलं. एक धटिंगण तर टोपी काढून उभा राहिला. सगळी गल्ली तयार झाली. घरचाच एक गडी राहिला. क्लिओफसपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

डिसेंबरात मी कठड्यावरून विचारलं, "मिस्टर क्लिओफस, काय ठरवलंत?"

"त्यात ठरवायचं काय? बापाचे पाच ते पाचच."

"अहो, नात दारातून परत जाईल!"

तो टोपी सारखी करून आत गेला. पुढचे काही दिवस त्यांच्या तळघरातून नुसती खुडबुड ऐकू यायची. मिस अर्लीन म्हणाली, "रिव्हॉल्वर साफ करत असेल. करू दे. मला बघायचंही नाही." रेनिताला तिने एवढंच सांगितलं, "तू दारापर्यंत ये. मग तुला वाटेल ते कर." त्यापुढे वचन द्यायला तिच्या हातात काय होतं?

एकतीस तारीख उजाडली. थंडी बोचरी, पण आभाळ स्वच्छ. गल्लीत टेबलं मांडली. मॅकरोनी, मक्याचा पाव, कॉलर्डची पालेभाजी, डुकराचं मांस घातलेली चवळी, एवढं सगळं. मी टिकल्यांचा सोनेरी झगा घातला होता, कारण लंडनचं नवं वर्ष काय रोज लागतं? सहाला थोडा अवकाश असताना रेनिताची गाडी आली आणि पोर्चसमोर थांबली. काचा बंद, इंजिन चालू. मागच्या सीटवर ओडेसा, गुलाबी कुंची घालून. मिस अर्लीनने काचेवर नुसता तळवा टेकवला.

सहा वाजले आणि पोर्चचं दार उघडलं. क्लिओफस बाहेर आला. कोट, बापाची जुनी टोपी, आणि दोन्ही हात मागे. सगळ्या गल्लीची भांडी हातातल्या हातात थांबली. मिस अर्लीनने डोळे मिटून घेतले. गाडीचे मागचे दिवे लागले, रेनिताने गिअर टाकला होता.

आणि धडाम्!

पुढचं सांगायची लाजच वाटते. गल्लीतली यच्चयावत माणसं एका क्षणात आडवी झाली. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय? पास्टर टेबलाखाली, धटिंगण खोक्यामागे, आणि मी माझ्या सोनेरी झग्यासकट मॅकरोनीत. मिस अर्लीन एवढी देहाची, पण गाडीच्या दारावर अशी पसरली की आतलं बाळ पूर्ण झाकलं गेलं. कुणी हलेना. मी हळूच मान वर केली. पोर्चवर क्लिओफस एकटा उभा, तोंड उघडं, हातात टोकाला कापूस बांधलेली काठी, आणि उंबऱ्याआडून ओढून घेतलेला, त्याच्या बंधुमंडळाच्या मिरवणुकीतला एक अगडबंब ढोल.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "कुणी बार काढला?"

"तू!" मिस अर्लीन गाडीवरूनच ओरडली. "तू काढलास, गाढवा!"

"मी तर ढोल वाजवला. बापाच्या पाचांतला पहिला बार. नवं कातडं चढवलंय, कित्येक दिवस खपतोय त्याच्यावर!"

आणि त्या शांततेत गाडीतून खिदळणं ऐकू आलं. आजी काचेवर चपटी झालेली बघून ओडेसाला हसू आवरेना. तिचं ऐकून मी मॅकरोनी पुसत हसले, टेबलाखालून पास्टर हसला, आणि मग सगळी गल्ली जमिनीवर लोळून लोळून हसली.

रेनिताने काच खाली केली. ती हसत नव्हती. "डॅडी, आणि ते कुठंय?"

क्लिओफस पायऱ्या उतरून आला. डोक्यावरच्या टोपीच्या आतल्या पट्टीत बोट घालून एक लहान किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "पेटीत. पेटी तुझ्या आईच्या कपाटात. दुसरी किल्ली नाही. तू आहेस तोवर तुझ्याकडे ठेव." मग हळू आवाजात म्हणाला, "ते भोक मी रोज बघत होतो, पोरी."

रेनिताने इंजिन बंद केलं.

मग ढोलावर उरलेले चार बार निघाले, आणि प्रत्येकाला गल्लीने भांडी अशी बडवली की कानठळ्या बसाव्यात. दहा मिनिटांत पोलिसांची गाडी हजर. आमच्या गल्लीतल्या खांबांवर गोळ्यांचे आवाज टिपणारे त्यांचे मायक्रोफोन आहेत, त्यांनी पहिला धडाम् ऐकला होता. हवालदार खाली उतरला, हात पट्ट्यावर. "गोळीबार कुणी केला?"

"मी," क्लिओफस म्हणाला आणि ढोल दाखवला.

"कशासाठी?"

"नवं वर्ष लागलं."

हवालदाराने घड्याळ बघितलं. मिस अर्लीनने त्याच्या हातात चवळीची ताटली दिली. "लंडनचं. खा, गार होईल."

रात्री सगळे तळघरात झोपलो, मीसुद्धा त्यांच्याकडेच. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ओडेसाला चमचा भरवला. तिने पहिला घास थुंकला, दुसरा गिळला आणि तिसऱ्यासाठी भांड्याकडे हात केला. मिस अर्लीन इतकी हसली की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं.

निघताना रेनिताने किल्ली पुढे केली. "घे डॅडी."

क्लिओफसने दोन्ही हात खिशात घातले. "राहू दे तुझ्याकडे. पुढच्या नव्या वर्षाला घेऊन ये."

"आणि मधेच चोर आला तर?" मी काडी टाकलीच.

"त्याला सांगेन, बाबा रे, दोन तास थांब, किल्ली कोलंबियात आहे."

मिस अर्लीनला लग्न झाल्यापासून हवा होता तो कायदा निदान तिच्या घरापुरता पास झाला होता. तिने गाडीच्या खिडकीत वाकून ओडेसाचा पापा घेतला आणि रेनिताला म्हणाली, "बाई गं, गाडी जरा"

ठाय ठाय. ठाय.

आम्ही सगळे थांबलो. सीटवर ओडेसाही थांबली, चोखणी तोंडात तशीच, डोळे मोठे, मान आवाजाकडे वळलेली, हुबेहूब आमच्यासारखी. क्लिओफसने ते बघितलं. त्याने बापाची टोपी काढली आणि खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी कानांवरून थेट नाकापर्यंत आली, आणि आतून खिदळण्याचा आवाज आला.

"रेल्वे लाइनच्या पलीकडे," मी म्हटलं.

"सावकाश चालव," मिस अर्लीनने वाक्य पुरं केलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी क्लिओफस रस्त्यावरच उभा होता. एवढ्या वर्षांत त्याला बोडक्या डोक्याने दाराबाहेर मी पहिल्यांदाच बघितलं.

"अरे, थंडी आहे, टोपी तरी मागून घ्यायचीस," मिस अर्लीन म्हणाली.

"आणेल की ती," तो म्हणाला. "किल्लीबरोबर."